खोडीसकट ओळख

या जूनमध्ये आमच्या शाळेच्या फाटकावर शिक्षकांच्या परिचयाचं भलंमोठं फ्लेक्स लागलं. क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला संस्थेची ही शहरातली शाखा आहे आणि माझी बदली इथं होऊन आता दोन वर्षं होतील. फ्लेक्सवर आम्हा सगळ्यांचे ओळखपत्रावरचे असतात तसले फोटो, खाली नाव, नावाखाली पदव्या. माझ्या फोटोखाली 'सौ. जोशी, एम.ए., बी.एड., इंग्रजी' एवढंच होतं. एका नव्या मुलाच्या आईनं त्या फोटोपाशी उभं राहून मलाच विचारलं, "या जोशी मॅडम कशा आहेत हो शिकवायला?" फोटो जुना आहे, त्यामुळे तिची काही चूक नव्हती. मी म्हटलं, "बऱ्या आहेत, पण एकच गोष्ट दहा वेळा सांगतात." ती बाई जरा दचकली आणि लगबगीनं आत गेली.

ते वाक्य माझं नव्हतं. ते पठाडे सरांचं होतं आणि ते त्यांनी सगळ्या शाळेसमोर, माईकवरून, मला बाजूला उभं करून उच्चारलं होतं.

बदलीआधी मी होते ते आमचं छोटंसं हायस्कूल शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे होतं. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, कडुनिंबाची दोन झाडं आणि मागच्या कुंपणापलीकडे कंपन्यांची शेडं. निम्मी मुलं शेतकऱ्यांची, निम्मी कंपनीत पाळीवर जाणाऱ्यांची. मी शहरातून स्कूटीवर जालना रोडनं जायची. घरातले आजोबा-पणजोबा सगळे कारकुनीतले किंवा पूजाअर्चेतले, त्यामुळे बैल मी फक्त पोळ्याला, मातीचाच पाहिलेला. हे सांगायचं कारण पुढे येईल.

पठाडे सर इतिहास-भूगोल शिकवत. मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती भाऊ बघत आणि सर शनिवारी शाळा सुटली की लाल बसनं गावाकडे पळत. सोमवारी येताना पिशवीत शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, जे काही असेल ते घेऊन येत आणि स्टाफरूमच्या टेबलावर ओतत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात चपला. बूट ते फक्त पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला घालत आणि त्या दोन्ही दिवशी लंगडत. हजेरी घेताना त्यांना 'येस सर' चालायचं नाही. "येस काय, येस? तू हाय का नाय ते सांग. हजर म्हन!" मग पोरं छाती फुगवून 'हजर, सर' म्हणत आणि तो आवाज मला पलीकडच्या वर्गात ऐकू येई.

इतिहास ते असा शिकवत, की तह आणि लढाया म्हणजे शेजारच्या गल्लीतली भांडणं वाटावीत. कोण कुणाला काय बोललं, निरोप घेऊन कोण गेलं, परत येताना त्याचं तोंड कसं झालं होतं, सगळं साभिनय. दहावीच्या सराव परीक्षेत एका पोरानं 'तहाची कारणे लिहा' या प्रश्नाला 'दोघांचंही डोकं फिरलं होतं' असं उत्तर लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाय की. पन बोर्डाला समजायचं नाय."

त्यांचा एक मोठा दोष होता आणि तो सगळ्या शाळेला ठाऊक होता. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांना दम निघायचा नाही. तुम्ही निम्म्यावर आलात की त्यांचा उजव्या हाताच्या तर्जनीचा खांब हवेत उभा राहायचा आणि उरलेलं वाक्य ते पुरं करून टाकायचे. बहुतेक वेळा चुकीचं.

"सर, मला जरा—"

"चहा!"

"नाही, उद्या मला—"

"रजा! घ्या की!"

"उद्या मला तुमचा तिसरा तास पाहिजे होता."

याचं त्यांना काहीच वाटत नसे. चुकलं तर बोट खाली, पुढच्या वाक्याला पुन्हा वर. सहलीला आम्ही दौलताबादच्या किल्ल्यावर मुलं घेऊन गेलो होतो. अंधारीच्या, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयाराच्या, तोंडाशी गाईड मशाल पेटवून सांगायला लागला, "आता इथून शत्रू आत शिरला, की त्याला वाटायचं—" सरांचं बोट वर. "उजेड दिसतो तीच वाट! आन् तिकडं गेला की थेट खंदकात!" गाईड म्हणाला, "व्हय. आणि वरून—" "गरम तेल!" असं चार-पाच वेळा झाल्यावर त्या बिचाऱ्यानं मशाल सरांच्या हातात दिली. म्हणाला, "तुम्हीच सांगा मास्तर, मी पाणी पिऊन येतो." सरांनी पुढचा किल्ला दाखवला आणि तो गाईडपेक्षा चांगला दाखवला, हे मला कबूल करावं लागेल.

तर असे सर आणि त्यांची ती प्रथा.

शाळेच्या पहिल्या दिवशी, परिपाठ झाला की नव्या पाचवीला पुढे बसवायचं, पालकांना दोरीच्या मागे उभं करायचं, आम्ही शिक्षकांनी व्हरांड्यात ओळीनं उभं राहायचं आणि पठाडे सरांनी एकेकाची ओळख करून द्यायची. पदवी नाही, अनुभव नाही, पुरस्कार नाही. प्रत्येकाचा एक गुण आणि एक खोड. आणि खोडीबरोबर तिच्यावरचा तोडगा.

"हे आपले मुख्याध्यापक, वैद्य सर. गुण असा, की पोरावर कधी हात उचलत नायत. खोड अशी, की भाषन सुरू केलं की थांबत नायत. सकाळी पोटभर खाऊन यायचं." वैद्य सर ओळीत पहिले उभे असत आणि दरवर्षी त्यांचा चेहरा तितकाच कडू होई.

"ह्या गायकवाडबाई, गनित. गनिताचं पानी करून पाजतात. खोड अशी, की मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला त्यांना भूक लागती आन् भूक लागली की राग येतो. त्या तासाला शान्यासारखं बसायचं."

"हे शेख सर, खेळ. कबड्डी यांच्यासारखी अख्ख्या तालुक्यात कुनी शिकवत नाय. खोड अशी, की शिट्टी घरी इसरतात आन् मग तोंडानं वरडतात. ते रागावलेले नसतात. घाबरायचं नाय."

माझं पहिलं वर्ष होतं. नवी साडी, डोक्यात गजरा. आपल्यातली खोड या माणसाला कशी कळणार, येऊन चारच दिवस झालेत, अशा समजुतीत मी उभी. सर माझ्याजवळ आले. "ह्या जोशीबाई, इंग्रजी. शहरातून येतात. गुण असा, की एकच गोष्ट दहा वेळा इचारली तरी दहा वेळा सांगतात. खोड अशी, की दहा वेळा इचारली नाय तरी दहा वेळा सांगतात." सगळं मैदान हसलं. पालक हसले, शेख सर हसले, कडू चेहऱ्याचे वैद्य सरसुद्धा हसले. "तव्हा कंटाळा आला तर हात वर करायचा आन् म्हनायचं, बाई, समजलं. बास."

मला इतका राग आला होता की मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पाचवीच्या वर्गात एका चिमुरडीनं हात वर केला. "बाई, समजलं." मी थांबले. मोजलं तर खरंच पाचव्यांदा सांगत होते. माझ्या आईनं, नवऱ्यानं, बी.एड.च्या मास्तरांनी जे मला कधी सांगितलं नव्हतं ते एका दहा वर्षांच्या पोरीनं मला सरळ सांगितलं आणि त्यात चिडवणं नव्हतं. ती फक्त तोडगा वापरत होती.

मी सरांना विचारलं, हे कुठून काढलंत? तेव्हा बैल आला.

"माझा बाप बाजारात बैल इकायला न्यायचा," सर म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की आधी खोड सांगायचा. ह्यो बैल डाव्या अंगानं गेलं तर लाथ मारतो. उजव्या अंगानं जा, लेकरू हाय. बाकीचे लोक खोड लपवायचे आन् पुढच्या बाजारी तोच बैल माघारी यायचा, शिव्यांसकट. आमचा एक बी कधी माघारी आला नाय."

"पण सर, आम्ही बैल आहोत का?"

"हेच वैद्य सरांनी इचारलं होतं. म्या म्हनलं, सर, बैल माघारी करता येतो. मास्तर दहावीपर्यंत सांभाळावा लागतो." मग जरा गंभीर झाले. "बाई, खोड आपन सांगितली की ती घरची होती. नाय सांगितली की पोरं हुडकून काढतात. मग ती त्यांची होती आन् ती तुम्हाला वापरू देत नायत."

हीच पद्धत ते बाहेरही वापरत. दर मे महिन्यात आम्ही मुलं मिळवायला घरोघर फिरत असू. पट कमी झाला की तुकडी जाते आणि तुकडीबरोबर शिक्षकही. एका घरी आमच्या आधी शहरातल्या कुठल्याशा इंग्रजी शाळेचा माणूस गुळगुळीत माहितीपत्रक ठेवून गेला होता. सरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि त्या बापाला म्हणाले, "दादा, यात खोड कुठंच लिहिलेली नाय. मला तर भ्या वाटतं. आमच्याकडं पंखे कमी हायत, मैदान मोठं हाय, मुख्याध्यापक लई बोलतात." तो माणूस खो खो हसला. त्याच्या दोन्ही मुली आमच्याकडे आल्या.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना सरांनी एका वर्षी चूक केली. ती चूक म्हणजे मुळे सर.

मुळे सर विज्ञानाचे. तिशीच्या आतले, एम.एस्सी. झालेले, शिक्षणसेवक म्हणून आलेले. त्यांचा शब्द अडकायचा. अक्षरं घोळत नसत. बोलता बोलता शब्द ओठांशी येई आणि दार लागल्यासारखा आतच थांबे. त्यातही 'प' त्यांचा वैरी होता. आता विज्ञानाच्या मास्तरला पाणी, प्रकाश, पदार्थ, पेशी आणि प्रयोग यांच्यावाचून कसं जगता यावं? ते पाण्याला 'एच टू ओ' म्हणत, प्रयोगाला 'आता हे करून बघू' म्हणत, आणि पठाडे सरांना नुसतं 'सर'. चारजण सर बसलेले असले की 'इतिहासाचे सर'. ते नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आधीच्या शाळेतून ते महिन्याभरात निघून आले होते. मुलं नक्कल करायची. हे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, आम्ही वर्गांचं सामान लावत होतो तेव्हा. चुलतभावानं शेंद्र्याच्या एका कंपनीत, तपासणी विभागात, जागा बघून ठेवली होती. "आईला मी मास्तर झालेला हवा आहे," ते म्हणाले. "मलाही. इथंही तसंच झालं, तर मात्र मी कंपनीत जाणार. पु…" ते थांबले.

सरांचं बोट वर. "पुन्हा!"

मुळे सरांनी मान हलवली. त्यांना 'पुन्हा' म्हणायचं नव्हतं. दुसरा शब्द शोधून ते म्हणाले, "यानंतर मी कुठल्याच शाळेत जाणार नाही." मग सरांकडे बघून, "सर, उद्या माझं फक्त नाव आणि विषय सांगा. खोड सांगू नका. हात जोडतो."

त्या माणसाचे हात खरोखरच जोडलेले होते. सर म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी वैद्य सर, गायकवाडबाई, शेख सर, मी, सगळ्यांची ठरलेली ओळख झाली. मुळे सरांपाशी आल्यावर सर म्हणाले, "हे मुळे सर. विज्ञान." आणि पुढे सरकले. मैदानात अशी शांतता झाली की मलाच कसंतरी वाटलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. याची खोड का नाही सांगितली? म्हणजे काहीतरी आहे.

आठवडासुद्धा लागला नाही. आठवीचा वर्ग होता. मी आणि पठाडे सर वह्यांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून चाललो होतो. आतून मुळे सरांचा आवाज आला, "आज आपण शिकणार आहोत… प…"

"पाणी!" एक पोरगा ओरडला.

"पपई!"

"पतंग!"

मुळे सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. फळ्यावर त्यांनी 'प्रकाशाचे परावर्तन' असं सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि खडूचा हात तसाच वर राहिला होता. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा उभा राहिला, त्यानं उजव्या हाताचं बोट ताठ वर केलं आणि ओरडला, "पठाडे सर!"

सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. ते बोट, तो झटका, ती घाई, हुबेहूब सरांची होती. नक्कल मुळे सरांची चाललेलीच नव्हती. पोरं पठाडे सरांची नक्कल करत होती आणि मार मुळे सरांना बसत होता.

मी बाजूला पाहिलं. सरांच्या हातातल्या वह्या खाली पडल्या होत्या आणि त्या उचलायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. माझ्या किती वाक्यांची त्यांनी अशीच वाट लावली होती!

दुसऱ्या दिवशी मुळे सर आले नाहीत. वैद्य सर म्हणाले, सकाळी फोन आला होता, राजीनामा संध्याकाळपर्यंत आणून देतो म्हणाले. सरांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, गाडी काढा."

"सर, माझा चौथा तास—"

"शेख सर घेतील!" बोट वर गेलं, पण अर्ध्यातच खाली आलं.

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते चुलतभावानं जागा बघून ठेवलेल्या त्या कंपनीच्या फाटकापर्यंत आले. वाटेत मी वळायच्या आधीच ते वळण सांगत, आणि दर वेळी चुकीचं. फाटकाबाहेर पास काढायला रांग होती. रांगेत मुळे सर, हातात प्लास्टिकची फाइल, इस्त्रीचा शर्ट, शाळेत पहिल्या दिवशी घातलेला तोच.

सर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मुळे सर, म्या तुमची ओळख अर्धी करून दिली. उद्या पुरी करतो. मग जावा कुठं जायचं तिथं. तुम्ही नाय म्हनलात तर नाय करत."

मुळे सरांनी हातातली फाइल छातीशी धरली. मग म्हणाले, "सर, माझा एक… प…"

मी सरांकडे पाहिलं. बोट वर चढत होतं. मी पुढे होऊन काही बोलणार, एवढ्यात त्यांनी ते बोट स्वतःच दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. घट्ट. चेहरा लाल झाला होता. रांग पुढे सरकली, मागचा माणूस म्हणाला, "ओ सायेब, चला की पुढं," तरी दोघं तसेच उभे. पाणी पिताना एखाद्याला ठसका लागावा आणि आपण काहीच करू शकू नये, तसं मला वाटत होतं.

"…पण आहे," मुळे सर म्हणाले. "माझी खोड सांगा, त्याबरोबर तुमचीही सांगा. सगळ्यांसमोर."

एवढी वर्षं ओळखी करून देणाऱ्या सरांनी स्वतःची खोड कधीच सांगितली नव्हती. मुलांनी विचारलं तर म्हणत, "मला ओळखायला दहावीपर्यंत टाइम हाय." पण आता ते मुळे सरांपुढे उभे होते आणि बोट अजून मुठीत होतं. "सांगतो," ते म्हणाले.

परिपाठाला पाचवी ते दहावी सगळे बसलेले. सर माईकपाशी गेले. नेहमीचा खणखणीत आवाज जरा बसलेला होता.

"पोरांनो, शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्याकडून चुकलं. हे मुळे सर. गुण असा, की जे शिकवतात ते आधी स्वतः करून बघतात. खोड अशी, की त्यांचा शब्द कधी कधी अडकतो. तोडगा एकच. गप ऱ्हायचं. शब्द येतो. आपल्याला कुठं गाडी पकडायची हाय? सबर करायचं." मग ते थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आन् माझी बी एक खोड हाय. मला सबर नाय. लोकांचं बोलनं म्या मधीच तोडतो. आठवीच्या वर्गात परवा जे झालं ते तुम्ही माझ्याकडनं शिकलात. लई वाईट वाटलं. तव्हा माझ्यावर तोडगा असा, की म्या कुनाचं बोलनं तोडलं की तुम्ही म्हनायचं, सर, थांबा. मोठ्यानं म्हनायचं."

मागच्या बाकावरचा तो उंच मुलगा खाली मान घालून बसला होता.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे नुसती मज्जा होती. पोरांना हत्यारच सापडलं होतं. सर कुणाशी बोलताना दिसले की पाच-सहा जण टपून बसत. वैद्य सर म्हणाले, "पठाडे, उद्याच्या सभेला—" बोट वर गेलं की मैदानातून कोरस, "सर, थांबा!" संस्थेचे अध्यक्ष आले होते तेव्हाही हे झालं आणि वैद्य सरांना घाम फुटला. सर थांबायचे, कान पकडायचे आणि पुन्हा चुकायचे. खोड काही गेली नाही. पण मुळे सरांपुढे मात्र ते बोट मुठीत धरून बसत. स्टाफरूममध्ये दोघं चहा घेताना मी कितीदा पाहिलं आहे. मुळे सर बोलता बोलता थांबलेले, चहा गार होतोय, आणि समोर सर मूठ आवळून, पाय हलवत, पण गप्प. आणि आठवीच्या वर्गात मुळे सर अडकले की एक वेगळीच शांतता होई. मुलं पेन्सिलीला टोक करत, वहीत रेघा मारत, आणि शब्द आला की धडा पुढे चालू. त्या वर्षी मुळे सरांनी राजीनामा दिला नाही. कंपनीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मग सर निवृत्त झाले. त्यांचा मुलगा शेंद्र्यालाच कंपनीत होता, त्यामुळे ते इथंच त्याच्याजवळ राहिले. निरोप समारंभात वैद्य सर पाऊण तास बोलले, पठाडे सर दोन मिनिटं. वैद्य सरांनी त्याच समारंभात जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून शिक्षकांचा परिचय पडद्यावर, फोटो आणि पदव्यांसह दाखवला जाईल. सरांची प्रथा चालवायला लागणारी जीभ आमच्यापैकी कुणाला नव्हती. मी करायचं म्हटलं असतं तर प्रत्येकाची ओळख दहा वेळा झाली असती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मुळे सर वैद्य सरांच्या खोलीत गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उद्या फोटोबिटो नाहीत. ओळख मी करून देणार आहे."

मी म्हटलं, "सर, नव्या पाचवीला काही माहीत नसतं हं." ते म्हणाले, "म्हणूनच."

तो माझाही त्या शाळेतला शेवटचा पहिला दिवस होता. जुलैत माझी इकडे बदली झाली. दोरीच्या मागे पालक उभे होते. त्यांच्यात, एकदम कडेला, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पठाडे सर नातीला पाचवीत घालायला आले होते. आम्ही पुढे बोलावलं तर आले नाहीत. "म्या आज पालक हाय," म्हणाले.

मुळे सर माईकपाशी आले. "मी मुळे. विज्ञान. माझा शब्द अडकतो. तोडगा सोपा आहे. थांबायचं." एवढं बोलून त्यांनी सुरुवात केली. वैद्य सरांची भाषणं, गायकवाडबाईंची भूक, शेख सरांची शिट्टी. माझ्या दहा वेळा. तीनदा ते अडकले, तिन्ही वेळा नव्या मुलांत थोडी चुळबुळ झाली आणि मोठ्या वर्गांनी नुसतं वळून पाहिल्यावर थांबली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

ओळ संपली. मुळे सर माईक बंद करणार, तेवढ्यात त्यांनी दोरीच्या मागे बघितलं.

"अजून एक आहेत. माझं इथं असणं त्यांच्यामुळे आहे. गुण असा, की चूक झाली तर सगळ्यांसमोर सांगतात. खोड असतेच, तरी तिच्यावर ते रोज काम करतात. तिकडे मागे उभे आहेत ते… प…"

आणि थांबले.

अख्ख्या मैदानाला तो शब्द माहीत होता. दहावीला माहीत होता, नववीला माहीत होता, फाटकावरच्या शिपायाला माहीत होता. पुढे बसलेल्या सरांच्या नातीनं तर तोंडही उघडलं होतं, पण मागे वळून पाहिलं तर आजोबांनी मान हलवली, तशी तिनं ते मिटलं. कुंपणापलीकडे कंपनीचा भोंगा झाला आणि संपला. मी सरांकडे पाहिलं. त्यांचं उजवं बोट डाव्या मुठीत होतं, ओठ घट्ट मिटलेले, आणि पाय हलायचा तोही थांबला होता. स्वतःच्या नावासाठी सर उभे होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

"पठाडे सर," मुळे सर म्हणाले. स्पष्ट, सबंध, पहिल्यांदाच.

सरांनी मूठ सोडली. दोरीच्या मागून, पोरांसारखी छाती फुगवून, त्यांनी उत्तर दिलं.

"हजर, सर."